तळाचं तूप

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरच्या मागच्या बाजूला आम्ही राहायचो. वडील एका फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे वाळूचे साचे करायचे, त्यात रसरसतं लोखंड ओतायचं आणि निवलं की साचा फोडून काढायचा. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कानांतून, भुवयांतून काळी वाळू निघायची, आणि आई दारातच म्हणायची, आधी अंघोळ, मग चहा. ही अंघोळीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येईल. मी बोलणारा माणूस नाही. लहानपणीही नव्हतो, पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचो. तुम्ही आलात, फोन टेबलावर ठेवलात, म्हणालात काका तुमच्या आयुष्याबद्दल बोला, मंडळाच्या अंकासाठी लिहून घेते, म्हणून बोलतोय. आयुष्य तसं इतरांसारखंच. पुण्यात मेटलर्जी शिकलो, इकडे एमएसला आलो, आणि मिशिगनमध्ये एका कास्टिंगच्या प्लांटमध्ये लागलो ते रिटायर होईपर्यंत तिथेच. इंजिनांचे ब्लॉक ओतायचो आम्ही. बापाचंच काम, फक्त टाय लावून.

शैला कराडची. लग्न करून आली तेव्हा आम्ही एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो, मग हे नोव्हाय गावातलं घर घेतलं. ती गावातल्या लायब्ररीत लहान मुलांच्या विभागात कामाला होती, पुष्कळ वर्षं. मुलांना गोष्टी वाचून दाखवायची, तिच्या त्या कराडच्या इंग्रजीत, आणि गोरी मुलं मांडी घालून ऐकायची. आता मोठमोठे बाप्ये झालेत ते, दुकानात भेटले की अजून विचारतात, मिसेस शैला कशा आहेत. काय सांगू तुम्हाला, सांगावं लागतं प्रत्येकाला.

तर रायफलचं. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल की माधवकाका बंदूक चालवतात, म्हणूनच आलात ना? हसू नका, सगळे त्याचसाठी विचारतात. कोल्हापूरचा, अंडंसुद्धा न खाणारा माणूस आणि बंदूक. मी आयुष्यात चिमणी मारलेली नाही. कागदावर मारतो. मारायचो.

वॉल्टमुळे झालं ते. वॉल्ट आमच्या प्लांटमध्ये पॅटर्न शॉपला होता, साच्यासाठी आधी जो लाकडाचा नमुना करतात तो करायचा. उंच, वाकलेला, एकटा राहणारा माणूस, लग्न केलं नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने खिशातून शिशाची एक गोळी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, तू कास्टिंगचे दोष बघतोस ना दिवसभर, मग हिला काय झालंय ते सांग. गोळी माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी, आणि तिच्या अंगावर सुरकुत्या. मी म्हटलं, साचा थंड होता. तो म्हणाला, ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे का ते बघत होतो. असा माणूस. मग शनिवारी मला त्याच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला.

त्याच्याकडे जुन्या पद्धतीची सिंगल-शॉट रायफल होती. म्हणजे एका वेळी एकच काडतूस. खालचा दांडा ओढला की मागचा लोखंडी ठोकळा खाली सरकतो, नळीचं तोंड उघडतं, त्यात हाताने काडतूस घालायचं, दांडा मिटायचा, नेम धरायचा, मारायचं. मग परत उघडायचं. घाई नावाची गोष्टच नाही त्यात. आणि काडतूस दुकानातून आणायचं नाही, घरी करायचं. शिसं वितळवायचं, त्यात थोडं कथील, कथील म्हणजे आपल्या कल्हईतलं, ते घातलं की शिसं साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट जातं. लोखंडी साच्यात ओतायचं, साचा उघडला की गोळी फडक्यावर पडते, चकचकीत, नव्या रुपयासारखी. रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडाला नवी टोपी बसवायची, मापून काळी दारू भरायची, वर पुठ्ठ्याची चकती, वर गोळी, बोटाने दाबून. बस. मी ते पाहिलं आणि मला वडील दिसले. मांडीवर फडकं, हातात डाव, ओतताना श्वास रोखलेला. मी वॉल्टला म्हटलं, मला पण पाहिजे. पुढे काही वर्षांनी त्याने त्याची दुसरी रायफल मला दिली, आमच्या दोघांच्या आज्ज्यांपेक्षा म्हातारी.

शैलाला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, कुणाला मारायचंय? मी म्हटलं, कागदाला. ती म्हणाली, कागदाने काय केलंय तुमचं? मग तिने अटी घातल्या. शिसं विषारी असतं हे तिने लायब्ररीत वाचून काढलं होतं, मला सांगायची गरज नव्हती. शिशाचं एकही भांडं स्वयंपाकघरात येणार नाही. गॅरेजचं दार उघडं आणि पंखा चालू. आणि काम झालं की आधी अंघोळ, मग चहा. माझ्या आईला ती फार थोडी वर्षं ओळखत होती, पण वाक्य तेच.

आता वंगणाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. शिशाच्या गोळीला अंगावर खाचा असतात, त्यांत वंगण भरायचं असतं, नाहीतर नळीत शिसं चिकटतं आणि दारूची काजळी दगडासारखी वाळते. मेण आणि काहीतरी मऊ स्निग्ध, असं ते मिश्रण. वॉल्ट मधमाशांच्या मेणात मेंढीची चरबी घालायचा. मी त्याच्याकडून चरबीचा डबा घेऊन घरी आलो आणि शैला गॅरेजच्या दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, चरबीच्या काडतुसांवरून एकदा बंड झालंय, परत नोव्हायमध्ये व्हायला नको. मी म्हटलं, अगं, खायचं नाहीये ते. ती म्हणाली, घरात नको म्हणजे नको. पण ती कुठलीही गोष्ट नुसती नाही म्हणून सोडायची नाही, तिने विचारलं, त्या चरबीचं काम काय असतं? मी सांगितलं, काजळी मऊ ठेवायची, पाणी नको, मीठ नको, लवकर जळून जायला नको. तर म्हणाली, मग तूप घ्या की.

आणि घेतलं. ती दर महिन्याला लोणी कढवायची. इथलं दुकानातलं लोणी, बिनमिठाचं, पिवळ्या कागदातलं. पातेल्यात घालायच्या आधी सुरीच्या टोकावर कणभर घेऊन जिभेवर ठेवायची, हं म्हणायची, मग घालायची. ती सवय कराडची, घरच्या लोण्याची, आंबट झालंय का बघायची. इथे कसलं आंबट होतंय, पण करायची. मग मंद आचेवर कढवून, फडक्याने गाळून बरणीत. वरचं तूप भातावर, पोळीवर. आणि बरणी संपत आली की तळाला जे रवाळ, थोडी बेरी उतरलेलं राहतं ते माझं. बरणी माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, घ्या, तळाचं तूप, तुमच्या कागदासाठी.

मेण आणि तूप एकत्र वितळवायचं. एक जुनी ॲल्युमिनियमची ताटली मी एका यार्ड सेलमधून आणली होती, तिच्यात गोळ्या उभ्या मांडायच्या, ओळीने, आणि मधल्या जागेत ते मिश्रण ओतायचं, निवलं की एका नळीने एकेक गोळी कापून काढायची. पहिल्यांदा मी मधोमध ओतलं आणि निम्म्या गोळ्या आडव्या झाल्या. शैला दारात उभी राहून बघत होती, आत यायची नाही, तोंडावर पदर. म्हणाली, वड्या ओतताना कुणी मधोमध ओततं का? कडेने घ्या, ताटली थोडी तिरपी करा, त्याचं तेच सरकेल. तसं केलं, एक गोळी हलली नाही. तेव्हापासून दर वेळी ओतायच्या वेळेला मी हाक मारायचो, शैला, वड्या, आणि ती हातातलं टाकून दारात यायची. शिशाला तिने कधी बोट लावलं नाही, पण एकही ताटली तिच्या देखरेखीशिवाय ओतली गेली नाही.

आणि वास. आमच्या नेमबाजीच्या क्लबात, रेंजवर गोळी मारली, दांडा ओढला, ठोकळा खाली गेला की नळीच्या मागून धुराची एक रेघ हळूच बाहेर येते. आधी गंधक, आपल्या फटाक्यासारखं, आणि त्याच्या खाली, जरा मागाहून, तूप. जरासं करपलेलं तूप, बेरी लालसर झाल्यावर घरात सुटतो तोच खमंग वास. क्लबातल्या लोकांना तो सिनेमागृहातल्या लोणी घातलेल्या लाह्यांचा वाटायचा. मी टेबल लावायला लागलो की कुणीतरी ओरडायचं, सिनेमा सुरू होतोय. माझं नावच पॉपकॉर्न पडलं तिथे. शैलाला सांगितलं तर तिला आवडलं. मंडळाच्या गणपतीला चार बायकांसमोर म्हणाली, आमचे पॉपकॉर्न आले.

मग ती आजारी पडली. ते सगळं मी सांगत नाही, तुमच्या घरात कुणाचं झालं असेल, सारखंच असतं. केमो सुरू झालं. गौरी, आमची मुलगी, सांता क्लाराला असते, ती येऊन राहायची, परत जायची. शैला स्वयंपाक सोडायला तयार नाही. खुर्ची घेऊन शेगडीसमोर बसायची. आणि त्या दिवसांत एक नवीन सुरू झालं. आमटी उकळत असली की मला हाक मारायची, चमच्यात घेऊन फुंकर घालून पुढे करायची आणि विचारायची, मीठ बरोबर आहे का?

तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला स्वयंपाकातलं काहीही कधी विचारलेलं नव्हतं. मला काय कळतंय, असंच होतं तिचं. आणि आता रोज विचारायची. मी चाखून सांगायचो, थोडं कमी आहे. किंवा, बास, बरोबर. ती मी सांगीन तसं करायची. मला काय आनंद व्हायचा, काय सांगू तुम्हाला. मला वाटायचं, शेवटी एकदा आपल्याला आत घेतलं. गौरीला फोनवर सांगितलं, तुझ्या आईने मला प्रमोशन दिलंय, मी आता मिठाचा इन्स्पेक्टर. गौरी जरा गप्प झाली आणि मग म्हणाली, दॅट्स नाइस, बाबा. मी म्हटलं, कामात असेल.

फेब्रुवारी असेल, बाहेर बर्फ होतं. ती म्हणाली, तूप संपलंय, आज लोणी आणू. मी म्हटलं, मी आणतो. नाही, मीच येणार. दुकानात माझ्या हाताला धरून चालली, लोण्याच्या कपाटाशी उभी राहिली, तिनेच हाताने लोण्याच्या वड्या काढल्या आणि ढकलगाडीत टाकल्या. घरी आलो. मी पातेलं मांडून दिलं. तिने सुरीच्या टोकावर कणभर घेतलं, जिभेवर ठेवलं, आणि म्हणाली, हं. मी तिथे उभा होतो. मी ऐकलं ते हं. नेहमीसारखंच होतं, काहीही फरक नव्हता त्यात. मग कढवलं. तयार झाल्यावर पातेलं उचलून फडक्यातून गाळणं तिला जमेना, मी गाळतो म्हटलं तर म्हणाली, राहू दे आज, तसंच ओता बरणीत, बेरी खाली बसेल. मी ओतलं.

मार्चअखेरीस थंडी जरा कमी झाली तेव्हा तिनेच आठवण केली, यंदा गोळ्या नाही केल्यात. मी म्हटलं, नको यंदा. ती म्हणाली, तुम्ही नुसते माझ्याकडे बघत बसता, त्याचा मला कंटाळा आलाय, जा काहीतरी करा. मग मी शिसं वितळवलं, गोळ्या केल्या, साचा गार झाला, गॅरेज वारं देऊन साफ केलं, अंघोळ केली, आणि मग बरणीच्या तळाचं तूप आणि मेण वितळवून ताटली मांडली. हाक मारायची हिंमत होईना. आतून तिचाच आवाज आला, वड्या झाल्या का? तिला शाल गुंडाळून खुर्चीसकट दारात आणून बसवलं. मी कडेने ओतलं. ती बघत होती. म्हणाली, आता जमायला लागलं तुम्हाला. तेवढंच.

मे महिन्यात ती गेली.

उन्हाळाभर मी रायफलला हात लावला नाही. काही वाचवेना, डोळे ओळीवरून फिरायचे आणि आत काही जायचं नाही. वॉल्ट यायचा, गवत कापून जायचा, न विचारता. सप्टेंबरमध्ये म्हणाला, चल, आणि मी गेलो. त्या ताटलीतल्या गोळ्यांची थोडी काडतुसं केली होती. पहिली गोळी मारली, दांडा ओढला, धुराची रेघ आली. आधी गंधक. मग तूप. मी तसाच बसून राहिलो. नाक पुढे करून, वेड्यासारखा. क्लबातले सगळे तिथे होते आणि एकानेही सिनेमाचा विनोद केला नाही. त्यांना वॉल्टने सांगितलं असणार. तो विनोद कुणी केला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्यानंतर मी दर आठवड्याला जायचो, पण दोन-तीनच मारायचो. उरलेल्या गोळ्या चहाच्या जुन्या डब्यात होत्या. कमी होत होत्या.

ऑक्टोबरच्या शेवटी वॉल्टने नेहमीसारखा बारका दिवा घालून माझ्या नळीत पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग मला म्हणाला, तू बघ. आत, गोळीला गिरकी मिळावी म्हणून कोरलेले फिरते आटे असतात, त्यांच्यावर गंजाचे ठिपके होते. बारीक, लाल. म्हणाला, धूत नाहीस का? मी म्हटलं, दर वेळी, घरी गेल्यावर, उकळत्या पाण्याने, तेलाने, तुला माहीत आहे. आणि ते खरं होतं, बाकी सगळं सोडलं होतं मी पण ते नव्हतं सोडलं. तो म्हणाला, मग काहीतरी बदललंय. काय बदललं? मी म्हटलं, काही नाही. दारू तीच, शिसं तेच, मेण तेच, तूप तेच.

दोघेही कास्टिंगमधली माणसं, दोष दिसला की कारण शोधल्याशिवाय झोप येत नाही. त्याच्या गॅरेजमध्ये लोखंडाचा घासून लख्ख केलेला पत्रा होता. त्याच्यावर त्याने माझी एक जुनी गोळी ठेवली, आदल्या वर्षीची, आणि शेजारी एक या ताटलीतली. आठवडाभर कुणी हात लावला नाही. पुढच्या शनिवारी गेलो आणि त्याने दोन्ही उचलल्या. जुनीच्या खाली पत्रा स्वच्छ. नवीच्या खाली तांबडं कडं उमटलेलं, गोल, कपाळावरच्या कुंकवाएवढं. वॉल्ट म्हणाला, सॉल्ट. मी म्हटलं, शक्य नाही, माझी बायको बिनमिठाचंच लोणी आणायची, आणि चाखल्याशिवाय पातेल्यात घालायची नाही.

आणि हे बोलता बोलताच मला कळलं.

मी तिथे खोक्यावर बसलो. मीठ तुपात विरघळत नाही, बेरीबरोबर तळाला बसतं. आम्ही वरचं खाल्लं तेव्हा भातात काही कळलं नाही, आणि तळाचं माझं, ते सगळं त्या गोळ्यांत गेलं. तिने कपाटातून वड्या काढल्या त्या मिठाच्या होत्या, कागद वेगळा असणार, नजर थकली होती, ते एक वेळ समजू शकतो. पण जिभेवर ठेवलं होतं तिने. खारट लोणी जिभेवर ठेवून हं म्हणाली होती. तिला चव लागतच नव्हती. जीभ गेली होती तिची. आणि मी शेजारी उभा.

तिथूनच गौरीला फोन लावला. म्हटलं, गौरी, आईची चव गेली होती का? ती मग म्हणाली, बाबा, आय थॉट यू न्यू. मी म्हटलं, मला कसं कळणार? तर म्हणाली, पहिल्या केमोनंतर लगेच गेली, सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणायची. मला शपथ घातली होती, यांना सांगायचं नाही, मला चव लागत नाही असं कळलं तर हे चवीने जेवायचे नाहीत, आणि तुम्ही दोघं मला स्वयंपाक करू देणार नाही. मी म्हटलं, म्हणून मला मीठ विचारायची? गौरी रडायला लागली. म्हणाली, बट शी लव्ह्ड दॅट, बाबा. मला सांगायची, तुझ्या बाबांना मिठातलं बरं कळतं, इतकी वर्षं विचारलं नाही ते उगाच.

वॉल्ट बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला होता. मराठी कळत नसलं तरी रडणं कळतं.

मग प्रश्न उरला त्या डब्यातल्या गोळ्यांचा. वॉल्टने सांगितलं ते सोपं आणि बरोबर होतं. उकळत्या पाण्यात टाक, वंगण वर तरंगेल, ते फेकून दे, शिसं स्वच्छ, नवीन तूप घालून परत कर. मी असतो त्याच्या जागी तर हेच सांगितलं असतं. मारल्या तर नळी खराब होणार, शंभर वर्षांहून जुनी नळी, तिला काय झालं तर दुसरी मिळत नाही. नाही मारल्या तर नुसत्या डब्यात पडून राहणार, आणि वास डब्यात येत नाही, तो आगीतूनच येतो. मी हिवाळाभर काही केलं नाही. डबा टेबलावर. कधी उघडायचो, मेणाचा थोडा वास यायचा, परत बंद करायचो. तिकडून गौरी म्हणत होती, बाबा आता इकडे या, एकटे राहू नका. तिच्याकडे लहान मुलं आहेत, बंदूक आणि शिसं तिथे न्यायचं नाही, हे तिने सांगायच्या आधी मलाच कळत होतं. तिच्या आईचीच अट. म्हणजे जे काय करायचं ते इथेच.

एप्रिलमध्ये मी सगळ्यांची काडतुसं भरली आणि वॉल्टला म्हटलं, आज सगळ्या मारणार. तो म्हणाला, ती नळी तुला माझ्याकडून आलीय. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाला, ठिपके आहेत त्यांचे खड्डे होतील. मी म्हटलं, तेही माहीत आहे. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग म्हणाला, देन शूट स्लो.

आडवार होता, रेंजवर दुसरं कुणी नव्हतं. मी सावकाश मारल्या. एक मारायची, दांडा ओढायचा, आणि धूर पूर्ण संपेपर्यंत पुढची घालायची नाही. वॉल्ट नेहमी दुर्बिणीतून बघून सांगायचा कुठे लागली, त्या दिवशी त्याने दुर्बीण पिशवीतून काढलीच नाही. माझ्या शेजारी बाकावर बसला. मधेच एकदा, मी दांडा ओढल्यावर, त्यानेही मान पुढे केली आणि धूर हुंगला. म्हणाला, शी कुक्ड गुड. तो वर्षानुवर्षं आमच्याकडे जेवलेला होता, दर थँक्सगिव्हिंगला तिच्या हातची पुरणपोळी खायचा, वर तूप. शेवटची गोळी हातात घेतली तेव्हा मला वाटलं ठेवावी. अगदी वाटलं. पण एक ठेवली असती तर मी तिच्याभोवतीच बसून राहिलो असतो, आणि नुसतं बसून राहिलेलं तिला आवडायचं नाही. मारली. दांडा ओढला. त्या वेळी वारा नव्हता, धूर बराच वेळ तिथेच राहिला.

वॉल्टने थर्मासमध्ये उकळतं पाणी आणलं होतं, मला न सांगता. दोघांनी मिळून नळी धुतली. आधी काळं पाणी आलं, मग राखाडी, मग स्वच्छ. कोरडी केली, तेल लावलं, दिवा घालून पाहिलं. खड्डे पडलेत, बारीक, देवीचे व्रण असतात तसे. ते आता जाणार नाहीत. रायफल मी वॉल्टच्या हातात दिली, म्हटलं, तुझी तुला परत. तो म्हणाला, नाही, मी सांभाळतो, तू येशील तेव्हा तुझी. आता कुठला येतोय मी. पण बरं वाटलं.

महिनाअखेरीस निघायचंय. बघताय ना, खोकी भरलीत. पुस्तकं गौरीकडे, साचे, शिसं, ती ताटली वॉल्टकडे. ताटली देताना त्याला म्हटलं, कडेने ओत, मधोमध नको. म्हणाला, तुझ्या बायकोने मला कधीच सांगितलंय ते. कधी सांगितलं होतं, मला माहीत नाही. तिने कुणाकुणाला काय काय सांगून ठेवलंय, मला आता एकेक कळतंय.

बंद करा तो फोन आता. उशीर झालाय, जेवूनच जा, आमटी टाकलीय मी. या इकडे. चमच्यात घेतो, थांबा, गरम आहे, फुंकर घालून देतो. माझी जीभ शाबूत आहे, तरी हल्ली जो येईल त्याला विचारतो. मीठ बरोबर आहे का? असं लगेच नका सांगू. नीट चाखून सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो.